ब्रेकची कूस

ब्रेकवर पाय ठेवला की पाय थेट तळाला जात होता. मध्ये अडणं नाही, कुरकुर नाही, काही नाही. पिकलेल्या चिकूवर पाय पडावा तसं. सासऱ्यांच्या घरातली एखादी वस्तू समोरच्याचं इतकं निमूट ऐकून घेते, हे जावई पहिल्यांदाच बघत होता.

सकाळपासून तो त्या हिरव्या, दोन आसनांच्या, बिनछपराच्या गाडीत बसून होता. गाडी त्याच्या बापाच्या वयाची होती आणि बापापेक्षा कितीतरी लाडात वाढली होती. सासरे पुढच्या चाकाशी आडवे झाले होते. तिथून फक्त त्यांचा आवाज येत होता.

"त्याला म्हणावं, दाब."

हे वाक्य बायकोसाठी होतं. सासरे जावयाशी थेट बोलत नसत. ते वजन-मापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झाले होते. उभी नोकरी दुकानदारांचे तराजू उलटे करून त्यांच्या बुडाला चिकटवलेलं मेण शोधण्यात गेली, आणि माणसांकडेही ते तसंच बघत. लग्नाआधी त्यांनी जावयाकडे एकदा नीट बघितलं, 'कमी भरतोय' असं मनाशी ठरवलं आणि पुन्हा तोलायची तसदी घेतली नाही. तेव्हापासून जावयासाठीचा मजकूर मुलीमार्फत येई. मुलगी गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून, मोबाइलवरची नजर न काढता, तो पुढे पाठवी.

"दाब," बायको म्हणाली.

त्याने धडाधड पेडल मारलं.

"धर म्हणावं."

"धर."

त्याने धरलं. चाकाशी खुट्ट झालं आणि पेडल तळाला गेलं.

"आता सोड म्हणावं."

"सोडलंय त्याने, बाबा."

"मी सांगायच्या आधी?"

बायकोने जावयाकडे बघितलं. जावयाने मान खाली घातली.

"हो."

"मग झालं. काढलेली हवा परत आत गेली. शाबास म्हणावं."

"शाबास," बायको म्हणाली.

यात शास्त्र एवढंच होतं. पायाचा जोर ब्रेकचं तेल नळ्यांतून चाकापर्यंत पोचवतं. चाकाशी कॅलिपर नावाचा लोखंडी चिमटा असतो, तो फिरती तबकडी आवळतो आणि गाडी थांबते. पण नळीत हवेचा बुडबुडा शिरला की सगळा जोर त्या बुडबुड्याची मालिश करण्यात जातो. म्हणून कॅलिपरला एक बारकी तोटी असते. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने तोटी उघडून बुडबुडे बाहेर घालवायचे. चांगल्या घरात हे काम चहा निवायच्या आत होतं. इथे आठवडा चालला होता, आणि पेडल जसंच्या तसं चिकू.

घाई होती, कारण रविवारी उतार होता. सासऱ्यांचं जुन्या गाड्यांचं एक मंडळ होतं. एरवी मंडळाचं काम म्हणजे ज्याच्या गाडीचं बोनेट उघडं असेल त्याच्याभोवती कमरेवर हात ठेवून उभं राहणं. पण वर्षातून एकदा सगळे आपापल्या गाड्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी नेत आणि तिथून ओळीने खाली पुलापर्यंत उतरत. रस्ता सकाळपुरता बंद ठेवत, खाली खुर्च्या मांडत. यंदा पहिला मान सासऱ्यांच्या गाडीला होता. शेजारी सासूबाईंनी बसायचं, पण त्या म्हणाल्या, "मी घरी बसून काळजी करते. ते काम मला जमतं." म्हणून शेजारी जावई.

जावयाला खाली कोसळायची भीती होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, सासऱ्यांनी त्याला या गाडीला हात लावू दिला होता. पुढचे दोन्ही कॅलिपर काढून, लाल रंगवून, परत बसवायचं काम त्याला मिळालं होतं. "यात त्याला बिघडवण्यासारखं काही नाही," असं सासरे म्हणाले होते. ते काम त्याने जीव ओतून केलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून दोन-दोन हात रंग दिला, बायकोच्या ड्रायरने वाळवला. बसवून झाल्यावर सासऱ्यांनी वाकून बघितलं आणि 'हं' म्हणाले. बायको म्हणाली की त्यांचा 'हं' चांगला असतो, आईला तो पहिल्या बाळंतपणानंतर मिळाला होता. त्या 'हं'वर आणखी काही चढवायचं, तर रविवारी शेजारी बसून, न किंचाळता, पुलापर्यंत पोचायचं होतं.

दुपारपर्यंत मंडळ जमलं. मंडळ म्हणजे बरेच जण, पण तोंडं तीन.

पहिलं तोंड अध्यक्षांचं. ते हवामान खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना सगळे हवामानच म्हणत. सगळी नोकरी पावसाबद्दल बोलण्यात गेली आणि पावसाने एकदाही ऐकलं नाही, तरी आत्मविश्वास कोरडा ठणठणीत. दुसरे डॉक्टर, म्हणजे दातांचे. तिसरे वकील. आयुष्यात एकही खटला न संपवल्याचा त्यांना अभिमान होता.

"आर्द्रता," हवामान म्हणाले. "ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं. तेल बदला."

तेल सोमवारीच बदललं होतं.

"मग पुन्हा बदला. सोमवारी दमट होतं."

पुन्हा बदललं. चिकू.

"मी पहिल्यापासून सांगतोय," डॉक्टर म्हणाले, "हिरड्या. पेडलमागच्या मास्टर सिलिंडरमधले रबर सैल झाले की दात कितीही चांगला असला तरी हलणारच. काढून टाका." त्यांच्याकडे कुठल्याही दुखण्यावर काढून टाकणं हाच इलाज होता. सासऱ्यांनी मास्टर सिलिंडर काढून नवा बसवलाही होता. त्यात बुधवार गेला होता. आता डॉक्टर म्हणत होते की नवाही काढून टाका.

वकिलांनी चाकापाशी जाणारा रबरी होज पाइप फुगतो असा युक्तिवाद केला. नवे पाइप आले. पेडल तळाला.

तेल नवं, सिलिंडर नवा, पाइप नवे. बदलण्यासारखं काही उरलं नाही तशी सगळ्यांची नजर हळूहळू गाडीतल्या एकमेव जुन्या भागावर गेली.

"पाय कसा आहे यांचा?" वकिलांनी विचारलं.

"कोणाचा?"

"जावईबापूंचा. पुरावा तपासायला हरकत नाही."

डॉक्टरांनी त्याला बूट काढायला लावला. मोजाही. मग दातांच्या डॉक्टरांनी गॅरेजच्या उजेडात जावयाचा तळवा बघितला, अंगठा हलवून पाहिला, "आ करा" म्हणता म्हणता थांबले.

"सपाट आहे," ते म्हणाले. "जोर पसरतो."

"मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो," सासरे चाकाखालून म्हणाले. "पण मुलीपुढे बापाचं काही चालत नाही."

जावयाने मोजा चढवला. तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसे. पाणी गढूळ का येतं, मशिन रात्री का गातं, पैसे परत का मिळत नाहीत, याची तो दिवसभर कारणं देई. जगात कोणाला दुरुस्ती नको असते, कारण हवं असतं, हे त्याला मंडळातल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. ही सगळी शहाणी माणसं आठवडाभर एका बुडबुड्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि यातल्या एकाच्याही हाती आपण पिण्याच्या पाण्याचा नळ देणार नाही, असं त्याने मनात म्हणून घेतलं. त्याने बरं वाटलं.

मग चहा झाला म्हणून सगळे आत गेले. जावयाला कोणी बोलावलं नाही. तो बूट बांधायला वाकला आणि वाकलाच आहोत तर बघू तरी म्हणून चाकाच्या कमानीखाली डोकं घातलं.

लाल कॅलिपर झळकत होता. रंग छान बसला होता. एक ओघळ सोडला तर कारखान्यातून आल्यासारखा. खाली, अगदी तळाशी, हवा काढायची तोटी.

तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग उठला आणि शेजारी उभ्या असलेल्या हवामानांच्या गाडीच्या चाकात डोकं घातलं. त्यांची तोटी वरच्या टोकाला होती.

बुडबुडा वर जातो. हे शेंबड्या पोराला कळतं, माशाला कळतं. तोटी तळाशी असेल तर तेल निघून जाईल, वर हवा मस्त पाय पसरून बसेल, आणि जगाच्या अंतापर्यंत दाबा-धरा-सोडा केलं तरी ती हलणार नाही. तोटी तळाशी कधी येईल? डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला तर. तो बसतो, तक्रार न करता बसतो, फक्त उलटा बसतो.

जावयाला जेवणाचं टेबल आठवलं. वाळवताना दोन लाल तुकडे शेजारी ठेवलेले. डावा कुठला, उजवा कुठला, हे लिहून ठेवलं होतं का? ठेवलं होतं, खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर. ते बायकोने आवरताना रद्दीत टाकलं होतं, आणि त्याने हातात आला तो डावा धरला होता. म्हणजे गेला आठवडाभर गॅरेजमधला सगळ्यात मोठा बैल गाडीच्या आत बसून बाहेरच्या बैलांना हसत होता.

आतून हसण्याचा आवाज आला. चमचे वाजले. खरं सांगितलं तर काय होईल हे त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. सासरे काही बोलणार नाहीत. फक्त मुलीकडे बघतील. त्यानंतर मरेपर्यंत ज्या ज्या वेळी घरात काही उलटं सापडेल, म्हणजे मोजा, बरणीचं झाकण, पोळी, त्या त्या वेळी बघतील.

मंडळ परत आलं तेव्हा जावई चाकाशी उभा होता, कमरेवर हात ठेवून.

"मला एक वाटतं," तो म्हणाला.

सगळे थबकले. त्याला काही वाटतं ही बातमी होती.

"रस्ता मध्ये उंच असतो आणि कडेला उतरता. बरोबर?"

"बरोबर," हवामान म्हणाले. "पाणी वाहून जायला."

"आपण जन्मभर एकाच बाजूने गाडी चालवतो. म्हणजे गाडी कायम एकीकडे कललेली. एका कॅलिपरवर जास्त भार, दुसऱ्यावर कमी. माणूस वर्षानुवर्षं एकाच कुशीवर झोपला तर काय होतं, डॉक्टर?"

"हात बधिर होतो."

"तेच. धातूलाही सवय लागते. कूस बदलावी लागते. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे."

आता कोणीतरी फिसकन हसेल म्हणून जावई वाट बघत राहिला.

"हे कुठे वाचलंत?" वकिलांनी विचारलं.

"वाचलं नाही. जुन्या लोकांना माहीत होतं. आता कोणी सांगत नाही."

एवढं पुरलं. जुन्या लोकांना माहीत होतं म्हटल्यावर मंडळाचे डोळे पाणावले. हवामान म्हणाले, मी तरुणपणी असं काहीतरी ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाले, दातांचंही तसंच असतं, एकाच बाजूने चावलं की गेलं. वकील म्हणाले, मी हेच वेगळ्या शब्दांत मांडणार होतो. सासरे खाली बसले, पान्हा घेतला आणि कॅलिपर सोडवायला लागले.

कॅलिपर आपापल्या घरी गेले. तोट्या वर आल्या. दाब, धर, सोड. नळीतून बुडबुड्यांची वरातच निघाली, आठवडाभर कोंडून ठेवल्यासारखी. मग सासऱ्यांनी त्याला खाली उतरवलं, स्वतः बसले आणि पेडल दाबलं.

पेडल थोडं गेलं आणि थांबलं. दगड.

सासऱ्यांनी पुन्हा दाबलं. मग गाडीतून उतरले, हात पुसले आणि मुलीकडे न बघता, सरळ जावयाकडे बघून म्हणाले, "अहो, चहा घेतलात का तुम्ही?"

त्याला रडू आलं असतं, पण मंडळ टाळ्या वाजवत होतं.

शुक्रवारची संध्याकाळ त्याने सासऱ्यांच्या खुर्चीत काढली. सासूबाईंनी उशी आणून दिली. सासरे समोर बसून 'अहो, धातूची ही सवय मागच्या ब्रेकलाही लागत असेल का?' असं विचारत होते आणि तो डोळे बारीक करून 'लागते, पण कमी' म्हणत होता. बायको लांबून बघत होती. तिने त्याला कारणं देताना फोनवर रोज ऐकलं होतं. तिला तो आवाज ओळखू येत होता.

शनिवारी संध्याकाळी हवामानांचा फोन आला.

"जावईबापू, झालं बरं का. सगळ्यांचं झालं."

"काय झालं?"

"कूस. अख्ख्या मंडळाने बदलली. उद्या उतार, म्हटलं सगळ्यांच्याच गाड्या ताज्या करून घेऊ. माझी झाली, वकिलांची झाली. डॉक्टर तर म्हणतात त्यांनी सगळ्यात आधी केली. फक्त पेडल जरा मऊ लागतंय. नव्या कुशीवर स्थिरावायला वेळ घेतं ना?"

जावयाला हवामानांच्या गाडीची वरच्या टोकाची तोटी आठवली. पण तोंडाला वर्षानुवर्षांची सवय होती. ग्राहक थांबलाय, कारण मागतोय.

"हो," तोंड म्हणालं. "घेतं वेळ. स्थिरावेल."

फोन ठेवल्यावर त्याने मागे बघितलं. बायको दारात उभी होती.

"काय स्थिरावेल?"

त्याने सांगितलं. टेबल, वर्तमानपत्र, तोटी, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे उद्या मंडळातली सगळी म्हातारी माणसं ब्रेकशिवाय टेकडीवरून खाली येणार."

"हँडब्रेक आहे त्यांना."

"तू आत्ता पुन्हा कारण दिलंस."

"उद्या सकाळी सगळ्यांना एकदमच सांगतो."

"एकेकाला सांगायला जीभ रेटत नाही असं म्हण," ती म्हणाली. "उद्या तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. आणि माझ्या पद्धतीने सांगेन."

चढाला ब्रेक लागत नाहीत. त्यामुळे सकाळी सगळ्या गाड्या सुखरूप टाकीपाशी पोचल्या. पुसून लखलखीत, चाकांतून नवे लाल रंग डोकावत होते. कूस बदलताना रंगही लावायचा असतो, असं मंडळाने स्वतःहून जोडून घेतलं होतं. वकील कठड्याशी उभे राहून खाली दाखवत होते, "शेवटच्या वळणावर, पुलाच्या तोंडाशी, नवीन दुकान झालंय बघा. कमोड, बेसिन, बाथटब. अख्खी भिंत काचेची."

जावयाने वळण बघितलं. काच इथूनही चमकत होती.

"मला काही सांगायचंय," तो म्हणाला.

"या या, गुरुजी," डॉक्टर म्हणाले.

"कूस वगैरे काही नसतं. मी कॅलिपर रंगवून उलटे लावले होते. चूक माझी होती. ती झाकायला मी ते सगळं बनवलं. तुम्ही सगळ्यांनी काल चांगल्या गाड्या बिघडवल्यात. कोणाच्याही गाडीला ब्रेक नाही. खाली जाऊ नका."

मग हवामान हसले. प्रेमाने हसले.

"किती नम्रपणा," ते वकिलांना म्हणाले. "या वयात."

"नम्रपणा नाही! पेडल दाबून बघा!"

"बघितलं. मऊ आहे. तुम्हीच काल म्हणालात, स्थिरावेल."

"ते खोटं होतं!"

"मग आत्ताचं कशावरून खरं?" वकिलांना जाग आली. "साक्षीदार दोन दिवसांत जबाब बदलतो. पहिला जबाब दिल्यावर पेडल कडक झालं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्याला पुरावा काय?"

"आणि असला विचार सुचायला डोकं लागतं," डॉक्टर म्हणाले. "उगाच बनवून सांगितलेली गोष्ट इतकी बिनचूक नसते."

अध्यक्षांनी मत घेतलं. जावई आधी खोटं बोलला की आत्ता खोटं बोलतोय? सगळे हात 'आत्ता'ला वर गेले. डॉक्टरांचे दोन्ही. आयुष्यभर त्याचं खोटं लोकांनी मुकाट्याने ऐकून घेतलं होतं, आणि आता खरं कोणी फुकट घ्यायला तयार नव्हतं.

"थांबा," सासरे म्हणाले.

ते आतापर्यंत गाडीला टेकून उभे होते. हवामानांच्या गाडीपाशी गेले, गुडघ्यावर बसले, चाकात डोकं घातलं. मग वकिलांच्या गाडीपाशी. उठले तेव्हा चेहऱ्यावर ती जुनी नजर परत आली होती, तराजू उलटा करून बुडाचं मेण सापडल्यावर येते ती.

"मी याला लग्नापासून ओळखतो," ते म्हणाले. "माझ्या घरात जेवतो. तुम्ही याला दोन दिवस ओळखता, म्हणून तुम्हाला हा विद्वान वाटतो. धातूला सवय लागते, हे शोधून काढणारा माणूस हा नव्हे. डावं-उजवं विसरणारा माणूस हाच. मी लिहून द्यायला तयार आहे."

मंडळ गोंधळलं. इतक्या खात्रीने आपल्या जावयाबद्दल बोलणारा सासरा कोणी पाहिला नव्हता.

"घरच्या माणसाची साक्ष आहे," वकील अखेर म्हणाले. "ती मोडता येत नाही."

तोंडं उतरली. हवामानांनी गाडीत बसून पेडल दाबलं, मग खाली वळणाकडे बघितलं, पुन्हा दाबलं. आणि पहिल्यांदाच त्यांचा अंदाज बरोबर आला. ते झटकन गाडीतून उतरले.

मग टाकीशेजारी रस्त्यावर जॅक लागले, पान्हे निघाले. मध्ये सासरे, एकेका गाडीचे कॅलिपर सोडवत. जावई गाडीगाडीत बसून पेडल दाबत होता. त्याला कोणी गुरुजी म्हणत नव्हतं. हवामान त्याला ओलांडून बघत होते. वकील म्हणाले की मानहानीचा दावा होऊ शकतो, पण नक्की कोणाची मानहानी झाली हे आधी ठरवावं लागेल.

डॉक्टरांची गाडी शेवटी होती. "माझी राहू द्या," ते म्हणत होते, "मला मऊच बरं वाटतंय." जावई आत बसला आणि पेडल दाबलं. पाय अर्ध्यात अडकला. दगड. त्याने उतरून चाकाखाली बघितलं. तोटी वर होती. जिथे असायला हवी तिथेच. रंगाखालच्या बोल्टवर जुनी धूळ तशीच साचलेली, पान्हा लागलाच नव्हता. सगळ्यात आधी कूस बदललेल्या डॉक्टरांनी काही एक बदललं नव्हतं, नुसता वरून लाल रंग फासला होता.

डॉक्टर वाकून त्याच्याकडे बघत होते. ओठांवर बोट ठेवून.

जावयाला त्यांची कीव आली नाही. पण ते बोट ओळखीचं होतं.

"काय आहे?" सासऱ्यांनी लांबून विचारलं.

"चांगली आहे," जावई म्हणाला. "हात लावायची गरज नाही. डॉक्टरांनी कूस बदललीच नाही."

मंडळाने डॉक्टरांकडे बघितलं. आज बघायला दुसरं कोणीतरी मिळालं म्हणून अधाशासारखं बघितलं. डॉक्टर म्हणाले की आपली गाडी बिघडवून घेण्याइतकं आपलं मंडळावर प्रेम नाही, यात गैर काय?

ऊन चढलं. खालून शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. लोक खुर्च्यांवर बसून होते आणि रस्ता दुपारी उघडायचा होता.

"एक तरी गाडी गेलीच पाहिजे," हवामान म्हणाले. "नाहीतर पुढच्या वर्षी रस्ता देणार नाहीत. पहिला मान तुमचा. जा तुम्ही."

सासऱ्यांनी आजूबाजूला बघितलं. उघडी चाकं, तेलाचे डबे, एका हातात डावा आणि दुसऱ्या हातात उजवा कॅलिपर घेऊन उभे असलेले वकील.

"मी इथून हललो तर ही माणसं चाकंही उलटी लावतील," ते म्हणाले. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि जावयाच्या अंगावर फेकली. मध्ये बायको उभी होती, तिच्या डोक्यावरून.

"तू जा."

"मी?"

"सावकाश ने. आणि ब्रेक लावताना पाय वापर. डोकं वापरू नकोस."

बायको शेजारी बसायला निघाली तर सासऱ्यांनी तिचा दंड धरला. "तू थांब," ते म्हणाले. "मुलगी एकच आहे मला."

जावई एकटाच निघाला. पहिल्या वळणावर पाय आपोआप पेडलवर गेला आणि पेडल अडलं. गाडी मान खाली घालून हळू झाली. दुसऱ्या वळणावर त्याने उगाच, गरज नसताना, पुन्हा दाबून बघितलं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. शेवटचं वळण आलं, समोर काच, काचेमागे पांढऱ्या शुभ्र कमोडांची फौज, सगळ्यांची झाकणं उघडी. त्याने पाय दाबला. गाडी काचेच्या पुष्कळ अलीकडे थांबली.

खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. दुकानाचा मालक टाय सावरत बाहेर आला, गाडीकडे बघितलं, मग वर रिकाम्या रस्त्याकडे.

"एकच? बाकीच्या कुठे आहेत?"

जावयाने तोंड उघडलं. जिभेवर कारणं तयार होती, धुतलेली, इस्त्री केलेली. आर्द्रता. रस्त्याचा उतार. एका गाडीचा टायर.

"वर आहेत," तो म्हणाला. "मी बिघडवल्या."

"सगळ्या?"

"एक सोडून."

मालकाने त्याच्याकडे, मग काचेकडे, मग काच आणि गाडीच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघितलं.

"मग ही कशी थांबली?"

"ही," जावई म्हणाला, "मी सगळ्यात आधी बिघडवली होती."